रॉकी रेगे यांचे जिवलग मित्र

हाफिज क्लॅरिनेट पुसत बसला होता, तेवढ्यात बायकोने, निशातने, फोन त्याच्या नाकाशी धरला. "पाहा, तुमच्या जिवलगानं का करून ठेवलं ते!"

फोनमध्ये रॉकी रेगे होता. मुंबईचा हास्यसम्राट. झगमगीत कोट घालून तो सांगत होता, "गडचिरोलीच्या माणसाला वाघाने धरलं, तर माणूस काय म्हणतो? थांब बाबा, भात शिजत आलाय, जेवून जा! म्हणूनच तिकडे वाघ वाढताहेत आणि माणसं कमी होताहेत." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

गडचिरोलीतल्या आरमोरीत मात्र कोणी पडले नाही. उठले. ज्या मुलखात मोहा वेचायला गेलेलं माणूस संध्याकाळी घरी येईपर्यंत चुलीपाशी कोणाचं लक्ष लागत नाही, तिथे हा विनोद कोण पचवणार? दोन दिवसांत निषेध झाले, चार दिवसांत रॉकीचा कार्यक्रम बंद पडला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणाऱ्या सगळ्या नटांनी 'आमची तशी ओळख नाही' असं जाहीर केलं. मुंबईत रॉकीला एकही मित्र उरला नाही. उरला तो एकटा आरमोरीत, तोही फ्लेक्सवर.

हाफिजच्या 'हसवा-फसवा कॉमेडी बँड'च्या गाडीवर तो फ्लेक्स चार वर्षं झळकत होता. रॉकीचा हात हाफिजच्या खांद्यावर आणि खाली ठसठशीत अक्षरं : 'रॉकी रेगे यांचे जिवलग मित्र.' हाफिज लग्नाच्या वरातीत सांगायचा, "दर ईदले फोन करते बिचारा." खरी गोष्ट एवढीच, की वडशाला एका कापडदुकानाच्या उद्घाटनाला येताना रॉकीची गाडी पंक्चर झाली होती आणि चाक बदलेपर्यंत हाफिजच्या बँडने त्याला दोन तास हसवलं होतं.

"फ्लेक्स उतरवा," निशात म्हणाली. "सांगून टाका, ओळख नाई म्हणून."

"चार साल खोटं बोललो म्हणून सांगू?"

"मंग खरा दोस्त म्हणून मार खा."

मार नव्हे, पण बोलावणं आलं. शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आठ दिवसांवर होती. दुपारचा कार्यक्रम दरवर्षी हाफिजचा. हा गेला की मागोमाग पंचक्रोशीतल्या साऱ्या मंडया जाणार, हे हाफिजला ठाऊक होतं. तो ढोलकीवाल्या देवरावला घेऊन निघाला. ग्रामपंचायतीत मंडई समितीचे अध्यक्ष गुणवंतराव बसले होते आणि कोपऱ्यात त्यांचे थोरले भाऊ बापूराव. सहा वर्षांपूर्वी वाघाने बापूरावांच्या खांद्यावर चार रेघा ओढल्या होत्या.

"हाफिजभाऊ, लावा फोन," गुणवंतराव म्हणाले. "दोस्ताले म्हणा, या बापूभाऊची माफी माग. मंगच मंडईत वाजवा."

"तो शूटिंगमधी असन आता."

"चार सालापासून शूटिंगच करून राह्यला काय?"

हाफिजने नंबर लावला आणि फोन कानाशी घट्ट दाबून धरला. "हॅलो रॉकी? हां, कसा आहेस? वहिनी काय म्हणते?"

"स्पीकरवर टाका ना भाऊ," देवराव भाबडेपणाने म्हणाला आणि त्यानेच बोट लावलं. सभागृहात एक बाई गोड आवाजात सांगू लागली, की हा क्रमांक अस्तित्वात नाही.

"वहिनीचा आवाज गोड आहे," गुणवंतराव म्हणाले.

हाफिजने मान खाली घातली. "दोस्ती नाई जी. पंक्चर होतं." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"दोस्त नाई, हे बरंच झालं," गुणवंतराव म्हणाले. "असा घाणेरडा जोक करणारा माणूस..."

इथे हाफिजची मान ताडकन वर आली. खोटारडा म्हटलेलं त्याने गिळलं असतं. विनोदाला नावं ठेवलेली त्याला सहन होईना. "घाणेरडा नाई तो! तो माहा आहे! वीस लग्नांत सांगतला, तुम्ही स्वतः हसले! पंक्चरच्या दिवशी त्यानं अर्धाच नेला. आयका पुरा!"

आणि धंदा गेलाच आहे अशा थाटात त्याने विनोद सांगितला. "माणूस म्हणते, थांब बापा, भात शिजत आला, जेवून जाय. वाघ खूश! म्हणते, भातासंगं का आहे? माणूस म्हणते, कालची अंबाडीची भाजी. वाघ म्हणते, परवाच्या दिवशीही अंबाडीच होती ना? माणूस म्हणते, हो, तेच उरली आहे. वाघानं जे धूम ठोकली, मांगं वळून पाह्यलं नाई!"

कोणी हसलं नाही. सगळे बापूरावांकडे बघत होते. बापूरावांचा रेघाळलेला खांदा आधी हलला, मग पोट, मग खुर्ची.

"अबे, हा त माहा जोक आहे!" ते डोळे पुसत म्हणाले. "दवाखान्यात खाटेवर सांगतला होता तुले. तू केळं घेऊन आला होता."

हाफिज पुन्हा खाली बघू लागला. "चोरला जी म्या."

"चोरला कायचा? दोस्ताचा माल दोस्तानं नेला."

"मंग रॉकीनं हाफिजभाऊचा नेला," देवराव विचार करकरून म्हणाला, "म्हंजे तोही दोस्तच झाला." गुणवंतरावांनी हाफिजचं नाव पुन्हा वहीत चढवलं. मंडई पक्की झाली.

देवरावने तो पुरा विनोद फोनमध्ये टिपून घेतला होता. आठवडाभरात तो अहेरीपासून कुरखेड्यापर्यंत फिरला. 'आपल्या माणसाले वाघ भेते' असं लोक छाती काढून सांगू लागले.

मंडईच्या दुपारी मैदान गच्च भरलं होतं. गाडीवर फ्लेक्स होताच, फक्त रॉकीच्या शेजारी आता बापूराव होते, त्याच्याहून हातभर मोठे. हाफिज क्लॅरिनेट तोंडाला लावणार, तोच फोन वाजला.

"हाफिजभाऊ, मी रॉकी रेगे. खरंच. तुमचं रेकॉर्डिंग माझ्यापर्यंत पोचलं. तो विनोद... पूर्ण सांगायची परवानगी द्याल? एवढं एक कराल माझ्यासाठी?"

चार वर्षं ज्या फोनच्या गोष्टी सांगितल्या, तो फोन हाफिजने शांतपणे स्पीकरवर टाकला आणि बापूरावांपुढे धरला. "घ्या. मालकासंगंच बोलू दे त्याले."

बापूराव घसा साफ करत म्हणाले, "नेला त नेला रे भाऊ, पण शेपूट तोडून काऊन नेला?"

पलीकडून आवाज आला, "चुकलो, काका. तुम्ही सांगाल तिथे येऊन माफी मागतो."

"ये ना बापा," बापूराव मायेने म्हणाले. "भात शिजत आला, जेवून जाय."

रॉकी आभार मानत राहिला. भातासोबत काय आहे, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.