चांगुणाच्या चेहऱ्याचं सपाटीकरण

माणसात कोणतीही उणीव आपोआप नसते. ती कोणीतरी बाहेरगावाहून येऊन दाखवावी लागते. काष्टीचंच बघा. गावात शनिवारचा बाजार होता, हायस्कूल होतं, दुष्काळ तर होताच (तो त्या साली सगळ्यांकडेच होता, त्यात काष्टीनं वेगळं असं काही केलं नव्हतं), पण चेहऱ्यावरची छिद्रं मात्र अख्ख्या गावात एकालाही नव्हती. नाकं होती, गाल होते, आणि गालावर जे काही असायचं ते बिनतक्रार होतं. छिद्रं आली ती नगरच्या दुपारच्या एस.टी.नं, शैलामावशीच्या पर्समध्ये बसून.

शैलामावशी ही मालनबाईची धाकटी बहीण. माहेरचं नाव दगडाबाई. लग्न होऊन नगरला सावेडीत गेल्यावर तिचं शैला झालं (अर्थ तोच राहिला, वजन तेवढं उतरलं). सावेडीत तेव्हा नवे बंगले उठत होते, आणि बंगला नवा असला की आतल्या माणसाला स्वतःच्या तोंडाकडे बघायला सवड मिळते, ही प्रगतीची पहिली खूण. मावशीच्या पर्समध्ये एक गोल आरसा होता. एका बाजूनं साधा. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर नाक रताळ्याएवढं दिसे. मालनबाईची मुलगी चांगुणा दहावीत होती आणि नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली असल्यानं कशालाच भीत नव्हती. तिनं दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"अगं बाई!" मावशी म्हणाली, "हे नाक आहे का पिठाची चाळण?"

चांगुणाला आजवर आपलं नाक सरळ आणि कामाचं वाटत आलं होतं. त्या दुपारी ते खड्ड्याखड्ड्यांचं निघालं.

"आई, माझ्या तोंडाला भोकं पडल्यात!"

मालनबाई दुष्काळी कामावरून खडी फोडून नुकती आली होती. पदरानं मानेवरची धूळ झटकत ती म्हणाली, "समद्यांलाच असत्यात. त्यातनंच घाम भायेर येतो. बुजिवलीस तर आतल्या आत उकळशील."

एरवी गोष्ट इथंच मिटली असती. पण पुढच्या बुधवारी काष्टीत मोठे साहेब येणार होते. दुष्काळी कामातून झालेल्या रस्त्याचा पहिला मैल त्यांच्या हस्ते चालू व्हायचा होता (लोक त्यावरून महिनाभर चालत होते, पण ते खाजगी चालणं). हायस्कूलच्या पटांगणात सभा, आणि सभेच्या शेवटी आभाराचं भाषण चांगुणाचं. भाषणात चार आभार होते आणि एक विनंती होती. चार आभार गहिनीनाथ मास्तरांनी लिहून दिले होते. विनंती चांगुणाची स्वतःची होती: रस्त्याच्या कामावर बायांसाठी पाण्याचं एक पिंप ठेवा. कामापासून विहीर इतकी लांब होती की बाई पाणी प्यायला गेली की मुकादम तिचा अर्धा खाडा धरी. मालनबाईनं त्यावर उपाय म्हणून दिवसभर तहान लागून घेणंच बंद केलं होतं. मास्तरांनी विनंतीला मनाई केली नाही. "फक्त म्हणताना ती आभारासारखी म्हण," एवढंच सुचवलं.

मास्तर मोठे दूरदृष्टीचे. मावशी भाचीची शाळा बघायला आली तेव्हा त्यांनी तो आरसा हातात घेतला, आधी स्वतःला बघितलं, घाईनं तो उलटा केला आणि मग चांगुणासमोर धरला.

"चांगुणा, भाषण तुझं पाठ आहे, आवाज खणखणीत आहे, यात वाद नाही. पण नगरहून फोटोवाला येतोय. फोटोत आवाज येत नसतो, बाळ."

त्याच दिवशी शाळेत तोंडी आदेश निघाला. त्याचा मथितार्थ असा: ज्याअर्थी रस्ता सपाट झालेला आहे, आणि ज्याअर्थी रस्त्याबद्दल आभार मानणारा चेहरा त्याच फोटोत येणार आहे, त्याअर्थी सदर चेहरा रस्त्यापेक्षा खडबडीत असता कामा नये. मंगळवारी संध्याकाळी आरशाच्या दुसऱ्या बाजूनं तपासणी होईल. चेहरा तपासणीला उतरला नाही तर आभार सरपंचांची पुतणी केशर मानेल. केशरचा चेहरा मुळातच शेणानं सारवल्यासारखा गुळगुळीत होता. फक्त चार लोकांत उभी राहिली की तिसऱ्या वाक्याला ती प्यायला पाणी मागायची, आणि त्या साली ही मागणी मोठीच होती. विनंती तर तिच्या भाषणात नव्हतीच. मास्तरांच्या मते त्यामुळे भाषण आटोपशीर होत होतं.

आता उपायाची निवड. ही सोपी बाब नाही. छिद्रं एक प्रकारची असतात, उपाय मात्र ज्याच्या त्याच्याकडे वेगळे असतात, आणि ज्याच्याकडे उपाय असतो त्याला दुसऱ्याच्या उपायाची कीव येते. मावशीकडे एक गुलाबी अर्क होता. चपटी बाटली, काचेची थेंबनळी, आणि लेबलावर 'छिद्रे दिसेनाशी होतील' (कोणाला, ते लिहिलेलं नव्हतं). चौकातल्या सलूनवाल्या बन्सीनं तुरटीचा खडा काढून दिला. "सरकारी मानसांच्या गालावर चालती, तुला का न्हाई चालायची?" बाजारात चादर अंथरून बसणाऱ्या वैदूकडे एक तेल होतं, ते सांधेदुखी, उंदीर चावणं आणि घरातली भांडणं यांवरही चाले. शिवाय बर्फ म्हणे छिद्रं मिटवतो. म्हणून दौंडहून बर्फ मागवला. तो भुशात गुंडाळून निघाला आणि काष्टीला फक्त भुसा पोचला. मावशीच्या शेजारणीची एक कृतीही होती: अंड्याचा पांढरा बलक, मुलतानी माती, चिमूटभर तुरटी, यांचा लेप.

एवढ्या उमेदवारांतून डोळे मिटून एकाला निवडणं चांगुणाला पटेना. ती शास्त्र शिकत होती. तिनं चेहऱ्याचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गट एकेका उपायाला नेमून दिला.

उजवा गाल अर्काकडे गेला. छिद्रं होती तेवढीच राहिली, पण वासाला फार छान झाली. डावा गाल तुरटीकडे. तो इतका आखडला की डावा डोळा अर्धा मिटला, आणि दिवसभर वर्गाला डोळा मारल्यासारखं होऊन गेलं. (दोन मुलांनी गैरसमज करून घेतला. तिसऱ्यानं दिवाळीपासून लांबवलेली भूगोलाची वही परत आणून दिली.) कपाळावर वैदूचं तेल. कपाळाला मुंग्या लागल्या. मात्र घरात त्या दिवशी खरंच भांडण झालं नाही, कारण जवळच कोणी येईना. नाकाला, बर्फ म्हणून, ओला भुसा लावण्यात आला. भुसा छिद्रांत जाऊन बसला आणि छिद्रं दिसेनाशी झाली. चांगुणानं हा प्रयोग अंशतः यशस्वी धरला, तर मालनबाई म्हणाली, "आता फकस्त शिंगं रंगवायची ऱ्हायली."

आणि हनुवटीवर लेप. लेप वाळला, आणि हनुवटी अशी झाली की माशी बसली तर घसरून पडावी. आरशाच्या दुसऱ्या बाजूनंही एक छिद्र सापडेना. मावशीनं भाचीला जवळ घेतलं (गालाला न लावता).

अडचण एकच होती. लेप धुतला की छिद्रं जागच्या जागी हजर. आणि धुवायला लागे अर्धी बादली पाणी, जेव्हा घरात माणशी एक कळशी येत होती. यावर मावशीनं काढलेला तोडगा ऐकून तिला सावेडीत नेऊन ठेवणाऱ्याच्या निवडीचं कौतुक वाटतं.

"मग धुवायचा कशाला? छिद्रंही दिसायची नाहीत, पाणीही वाचेल. फक्त अंगावर असेपर्यंत हसायचं नाही आणि बोलायचं नाही. तडे जातात."

"न बोलता भाषण कसं करायचं, मावशी?"

"ते तुझं तू बघ बाई. चेहऱ्याचं काम होतं, ते मी केलं."

मंगळवारी तोंडभर लेप लावून तपासणी झाली. मास्तरांनी आरसा कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवला, मैलकुली रस्ता बघतो तसा. "उत्तम! अगदी सरकारमान्य!" म्हणाले. मग प्रश्न विचारले. चांगुणानं सगळ्यांना नुसती मान हलवली. मास्तरांचा शेरा असा की मुलीच्या केवळ त्वचेतच नव्हे, स्वभावातही सुधारणा दिसते.

बुधवारी पहाटे लेपाचा ताजा थर चढवला आणि सभा भरली. साहेब आले, हार झाले. सभेला गर्दी दिसावी म्हणून रस्त्याचं काम बंद ठेवून सगळ्या बायांना आणून उन्हाच्या बाजूला बसवलं होतं. सावलीची बाजू निमंत्रितांची. शेवटी मास्तरांनी नाव पुकारलं. चांगुणा माईकपुढे उभी राहिली. चेहरा असा की जणू नुकताच साच्यातून काढलाय. फोटोवाल्यानं खूश होऊन कॅमेरा डोळ्याला लावला.

चांगुणा काही बोलेना.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मास्तर लेपाशिवायच आखडले. पहिल्या रांगेत राखीव म्हणून बसलेली केशर हळूच म्हणाली, "नको बोलूस गं. लई भारी दिसतीस. मी म्हनते आभार, मला पाठ हायत." आणि ती अर्धी उठलीसुद्धा.

चांगुणानं उन्हाच्या बाजूकडे बघितलं. मालनबाई तिसऱ्या ओळीत बसली होती, धुळीनं पांढरी, ओठ सुकलेले. आपल्या लेकीला काय झालंय हे तिला कळेना, तेव्हा ती भर सभेत ओरडली, "अगं बोल की! तोंड भाड्यानं आनलंयस व्हय?"

बायांत हशा पिकला. चांगुणालाही हसू फुटलं, आणि हसू फुटलं तिथंच लेप फुटला. एक तडा ओठाच्या कोपऱ्यातून निघून कानापर्यंत गेला. आता राखायला काही उरलं नाही म्हटल्यावर ती बोलू लागली, आणि असं बोलू लागली की माईकची गरज राहिली नाही. पहिल्या आभाराला वरचा ओठ सुटा झाला. दुसऱ्याला डावा गाल टेबलावर पडला. तिसऱ्याला हनुवटीचा एक तुकडा उडून साहेबांच्या चहात गेला (साहेबांनी तो बिस्किट समजून काही काळ शोधला). चौथा आभार तिनं घाईत उरकला आणि विनंतीला आली तेव्हा तिचं तोंड आटलेल्या तळ्याच्या तळासारखं झालं होतं, भेगाच भेगा, आणि त्या भेगांतून ती सांगत होती, "साहेब, आमच्या आया दिवसभर पान्यावाचून खडी फोडत्यात. एक पिंप द्या. जास्त काही न्हाई, एक पिंप!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं बरोबर तेव्हाच खटका दाबला.

दोन दिवसांनी फोटो छापून आला. खाली ओळ होती: 'दुष्काळाची दाहकता. जमिनीपाठोपाठ आता काष्टीच्या शाळकरी मुलीच्या चेहऱ्यालाही भेगा.' अशी बातमी शासनाला बघवेना, हे शासनाच्या संवेदनशीलतेचं लक्षण आहे. त्रिसदस्यीय समिती जीपनं आली. तिनं शाळेतल्या सगळ्या मुलींचे चेहरे बघितले. एकीलाही भेग सापडली नाही, यावरून भेगा वेळेवर आवरल्या गेल्याचा निष्कर्ष निघाला. छिद्रं मात्र सर्वांना आढळली (आरसा मावशीनं कौतुकानं देऊ केला होता). अहवालात म्हटलं होतं की आज जे छिद्र आहे तीच उद्याची भेग. सबब प्रतिबंधक उपाय तातडीनं व्हावा.

तातडी खरोखरच झाली. महिनाभरात ट्रक भरून खोकी आली. आत चपट्या बाटल्या, गुलाबी अर्क, काचेची थेंबनळी. प्रत्येक विद्यार्थिनीला एक, शिक्षकवर्गाला दोन. मास्तरांनी चार घेतल्या. त्यांचा चेहरा जबाबदारीचा होता. लेबलावर वापरण्याची रीत स्वच्छ मराठीत होती: 'प्रथम चेहरा भरपूर शुद्ध पाण्याने धुवावा. दोन थेंब लावावेत. नंतर पुन्हा भरपूर शुद्ध पाण्याने धुवावा.'

पिंपाबद्दल चांगुणानं तहसील कचेरीत जाऊन विचारलं. विनंती साहेबांच्या कानावर आली नाही असं कळलं, कारण त्या वेळी ते चहात बघत होते. तेव्हापासून चांगुणा दर सोमवारी शाळा सुटली की कचेरीच्या व्हरांड्यात उभी राहते. चेहऱ्याला काही लावलेलं नसतं. आवाज पलीकडच्या कोर्टात ऐकू जातो आणि दोनदा एक खटला तहकूब करावा लागलाय. कारकून तिला बघून म्हणतो, "आली का गं बाई!" ती म्हणते, "पिंप आलं का, अण्णा?" तो नाही म्हणतो, ती पुढच्या सोमवारचं सांगून निघते. मालनबाईची तहान अजून बंदच आहे.

बाटल्या मात्र पुष्कळ उरल्या आहेत आणि त्याच व्हरांड्यातून वाटल्या जातात. जामखेडपासून सावेडीपर्यंतचे लोक येऊन चौकशी करतात: किती थेंब, सकाळी का रात्री, नाकाला जास्त लावला तर चालेल का. खडी फोडणाऱ्या बायांना पाणी मिळालं का, असं अजून एकानंही विचारलेलं नाही. तुम्ही इतका वेळ थांबलात तेही काही कामासाठीच थांबला असाल. बाटलीसाठी असेल तर रांग उजवीकडून आहे. जरा मोठी आहे, सबुरी ठेवा. पिंपासाठी असेल तर डावीकडे या. इकडे गर्दी नाही. तुमचा नंबर दुसरा लागेल.