सहाशे गळ आणि एक पडदा

टॅमस लॉनीने भर दिवसा घराच्या खिडकीचा पडदा ओढला, एवढीच काय ती त्याची चूक. पुढचं सगळं गावाने केलं, असं तो आजही शपथेवर सांगतो. (गावाचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते ऐकायला जास्त मजा येते.)

पडदा ओढायला कारणही तसंच होतं. बायकोचा फुलाफुलांचा ॲप्रन कमरेला बांधून टॅमस चुलीपुढच्या स्टुलावर बसला होता. पायाशी काळ्यानिळ्या शिंपल्यांचं पोतं, हातात आखूड सुरी आणि शेजारी सहाशे गळांची लांबलचक दोरी. हे दृश्य बाहेरच्या कुणी पाहिलं असतं, तर स्कॉटलंडच्या अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कारण पोर्टगॅव्हीत कामाची वाटणी बापजाद्यांपासून ठरलेली. समुद्र पुरुषांचा, आणि समुद्रापर्यंतचं सगळं बायकांचं. शिंपले गोळा करायचे बायकांनी, सोलायचे बायकांनी, आमिष म्हणून गळाला लावायचे बायकांनी. इतकंच काय, पहाटे नवऱ्याला पाठुंगळी मारून गुडघाभर पाण्यातून होडीपर्यंत पोचवायचंही बायकांनीच. दिवसभर ओल्या बुटांत बसून पुरुषमाणसाला सर्दी झाली, तर मासे कोण धरणार? टॅमसही रोज बायकोच्या, एल्सपेटच्या पाठीवर बसूनच कामाला जायचा, आणि असा पाठीवर बसलेला असतानाच गेल्या आठवड्यात त्याची जीभ घसरली.

"बायकांचं बरं असतं बाबा! चुलीजवळ ऊब घेत बसायचं आणि गळाला दोन-दोन शिंपले टोचायचे. मी तर एक पाइप ओढून होईस्तोवर अख्खी दोरी तयार करीन."

एल्सपेट तशीच पाण्यातून चालत राहिली. (पुढची लाट आली तेव्हा जरा जास्त वाकली, इतकंच.) पण शेजारून बेल आपल्या नवऱ्याला वाहून नेत होती, तिने ऐकलं.

"असं का रे टॅमस? मग वेळ आली की हाक मार हं! आम्ही सगळ्याजणी बघायला येऊ."

वेळ आठ दिवसांत आली. शिंपल्याची धार एल्सपेटच्या अंगठ्यात घुसली आणि सकाळपर्यंत अंगठा बटाट्याएवढा सुजला. शहरातल्या डॉक्टरकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. आणि उद्या पहाटे होड्या निघणार होत्या. टॅमसच्या होडीचा तांडेल म्हणजे म्हातारा गिल्बर्ट. त्याचा नियम सरळ होता. ज्याची दोरी तयार नाही तो घरी बसेल आणि त्याची जागा दुसऱ्याला जाईल. तो दुसरा कोण, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. विधुर डॉड गेला महिनाभर किनाऱ्यावर खिशात हात घालून त्या जागेकडे डोळे लावून उभा होता.

"मी बेलला हाक मारते," एल्सपेट म्हणाली. "ती आणि तिची बहीण मिळून दुपारपर्यंत उरकतील."

"बेलला? त्यापेक्षा मेलो तर बरं!"

"मग कोण करणार? मांजर?"

"तू जा गं डॉक्टरकडे. मी बघतो."

एल्सपेटने शाल गुंडाळली आणि ती गाडीत जाऊन बसली. दुखण्याने तिचे डोळे लाल झाले होते. टॅमसने दाराला आतून कडी घातली, ॲप्रन बांधला, पाइप ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि पडदा ओढला.

पहिल्या शिंपल्यानेच त्याचा गर्व अर्धा उतरवला. शिंपला उघडेचना. उघडला तर आतलं मांस अखंड निघेना. निघालं तर ते गळावर राहीना. एल्सपेट सुरी फिरवायची, अंगठ्याने मांस सुटं करायची, चिवट भागातून गळ घालून वळवायची आणि पुन्हा टोचायची. हे सगळं ती बोलता बोलता करायची, मान वर न करता. टॅमसच्या हातात मात्र दर खेपेला नुसता लगदा यायचा. तो लगदा त्याने गळाला फासला, काही ठिकाणी दोऱ्याने बांधला, एका ठिकाणी तर फुंकर घालून वाळवायचाही प्रयत्न केला. लावलेले गळ टोपलीत ओळीने मांडायचे आणि एकमेकांत अडकू नयेत म्हणून मध्ये गवत घालायचं, एवढं त्याला माहीत होतं. चार तास झाले. गळ मोजले तर नव्वद भरले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. टॅमसने श्वास रोखला. पुन्हा टकटक झाली आणि बाहेर कुजबुज सुरू झाली.

"आतून कुणी बोलत नाही गं."

"बोलणार कसं? पडदा बघ की!"

टॅमसच्या हातातला शिंपला गळून पडला. पोर्टगॅव्हीत दिवसाउजेडी पडदा एकाच कारणासाठी ओढतात, घरात माणूस गेलं की. हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. फक्त आज सकाळी आठवलं नव्हतं.

"एल्सपेटला मी गाडीतून जाताना पाहिलं," बेलचा आवाज आला. "शाल अशी गुंडाळलेली, डोळे लालभडक. शवपेटी सांगायलाच गेली असणार बिचारी. म्हणजे गेला तो टॅमसच!"

"काल खोकत होता खरा."

दारात हळूहळू गाव जमलं. तांडेलाचे जड बूट वाजले आणि गर्दी बाजूला झाली. "उद्या होड्या निघणार नाहीत," तो म्हणाला. "गावात मयत असताना कुणी समुद्रावर जात नाही."

आता मात्र बाहेर पडायलाच हवं होतं. आपल्यापायी अख्ख्या गावाचा उद्याचा दिवस बुडणार, हे टॅमसला कळत होतं. तो उठलाही. पण तेवढ्यात तांडेल घसा खाकरून म्हणाला, "भला माणूस होता टॅमस," आणि टॅमस पुन्हा खाली बसला. (बाविसाव्या वर्षापासून तो या होडीवर होता. तांडेल त्याच्याबद्दल बरं बोलल्याचं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.)

"वादळात कधी घाबरला नाही. गायचा तर असा की वल्हं हलकं व्हायचं."

टॅमसला भरून आलं. त्याने ॲप्रनने डोळे पुसले, त्यामुळे डोळ्यांत शिंपल्याचं पाणी गेलं आणि ते आणखीच भरून आले. अजून थोडं ऐकावं, मग उठावं, असं त्याने ठरवलं. इथेच चुकलं.

"कामाला जरा अंग राखून होता म्हणा," तांडेल पुढे म्हणाला. "त्याची जागा रिकामी ठेवून चालायचं नाही. डॉड, तू ये."

"येईन की," डॉड म्हणाला. "आणि एल्सपेटचंही बघायला हवं. हजार शिंपले एका बैठकीत सोलते. असली बाई एकटी राहू नये. माती झाल्यावर आठ दिवस थांबेन मी, उगीच घाई नको."

"आठ दिवस?" आतून डरकाळी आली.

बाहेर बायका किंचाळल्या. आत टॅमसने ॲप्रन ओरबाडून काढला, तो कुठे लपवावा हे न सुचून टोपलीतली दोरी उचलली, तळाच्या गवताखाली ॲप्रन कोंबला आणि दार उघडलं.

"मी झोपलो होतो!" तो ओरडला. "माणसानं घरात झोपूही नये का?"

नेमकी त्याच क्षणी गाडी आली. दारातली गर्दी आणि ओढलेला पडदा पाहून एल्सपेटने चालत्या गाडीतून उडी टाकली. "टॅमस!" अशी तिची हाक आली की डॉडनेसुद्धा टोपी काढली. मग उंबऱ्यात तो जिवंत उभा दिसला, तेव्हा तिने चांगल्या हाताने त्याच्या दोन मुस्कटात दिल्या आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. टॅमसला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. तिने त्याचे हात हुंगले, हळूच म्हणाली, "हात धू," आणि बाकी काही विचारलं नाही.

तिच्या अंगठ्याची पट्टी पाहून बायकांनी पोतं आणि टोपली उचलली.

"हे नव्वद एल्सपेटने जायच्या आधी लावलेत," टॅमस घाईने म्हणाला.

बेलने एक गळ उचलून उजेडात धरला. त्यावर दोऱ्याची गाठ होती. "अगं बाई," ती म्हणाली, "अंगठा फारच दुखत असणार."

दोन तासांत उरलेले पाचशेदहा गळ लावून टोपली परत आली, काठोकाठ भरलेली. ॲप्रन तिच्या तळाशी होता. सहाशे गळांमधून खाली हात घालण्याची टॅमसची छाती झाली नाही.

"माझा ॲप्रन कुठंय रे?" संध्याकाळी एल्सपेटने विचारलं.

"असेल कुठेतरी," टॅमस म्हणाला. दोरी आपणच सोडायची आणि शेवटी गुपचूप ॲप्रन काढून घ्यायचा, असा त्याचा बेत होता.

पण पहाटे दोरी तांडेलाने सोडली. तळ आला तेव्हा झुंजुमुंजूच होतं आणि टॅमस अंगावरचे खिसे चाचपत होता, कारण काल दुपारपासून त्याचा पाइप सापडत नव्हता. सरसर करत सगळं पाण्यात गेलं. कुणी काही पाहिलं नाही. सुटलो, असं त्याला वाटलं.

मग होडी दोरीच्या पहिल्या टोकाशी परत आणून दोरी ओढायला घेतली. आधी बायकांनी लावलेले गळ वर आले, आणि एकाआड एक गळाला लठ्ठ हॅडक मासा लटकत होता. मग टॅमसचे नव्वद सुरू झाले. मोकळा. मोकळा. दोऱ्याची गाठ, आणि मोकळा.

"थांबा!" तांडेल ओरडला. "काहीतरी जड आहे. मोठा आहे!"

सगळे काठाला आले. तांडेलाने आकडी घातली आणि जे होतं ते होडीत घेतलं. शेवटच्या गळांत अडकलेला फुलाफुलांचा ॲप्रन होता. त्याच्या खिशातून टॅमसचा पाइप घरंगळला आणि हॅडकांच्या ढिगावर जाऊन बसला.

होडीत कुणी हसलं नाही. तांडेलाने पाइप उचलला, त्यातलं पाणी झटकलं आणि टॅमसच्या हातात दिला. मग ॲप्रन नीट पिळून त्याच्या मांडीवर ठेवला.

"काल तुझ्या दारात मी जे चांगलं बोललो ना टॅमस," तो म्हणाला, "ते गेलेल्या माणसाबद्दल होतं. परत घेतो."