तरवडाच्या काढ्याचा प्रयोग

डॉक्टरांकडून पंधरा दिवस मागून घ्यायचे, एवढंच मी ठरवलं होतं. साखर काठावर होती. ते म्हणाले, "पथ्य पाळा, चाला. पंधरा दिवसांनीही वरच असली तर गोळी सुरू." शिवलीलानं (आमची बायको) त्यात स्वतःचं कलम घातलं, "आणि तोवर शेंगापोळी बंद." गोळीचं मला फार वाटलं नाही हो, पण शेंगदाण्या-गुळाची शेंगापोळी!

अक्कलकोटच्या शिवबाईमावशींनी फोनवरून उपाय सांगितला, "तरवडाची पिवळी फुलं आण, उन्हात टाकू नको, सावलीत पसर, मग उकळून पी. आमच्यात सगळे पितेत."

तरवड म्हणजे माळावर फुकट उगवणारं झुडूप. जन्मभर मी त्याला ओळखही दाखवली नव्हती. पण मला चौकशीचा आजार जुना (त्याला गोळी नाही). आमच्या टॉवेलच्या कारखान्यामागं शेळ्या चारणाऱ्या धुळाआप्पांना मी विचारलं, "हे कशाकशाला चालतं ओ?"

"कशाला न्हाई त्ये इचारा की! काडीनं दात घासा. फुलं वाळवून अंगाला लावा, घामाचा वास जातोय. पाय मुरगाळला तर पाला बांधा."

"आणि साखरेला?"

"साखरंचं काय म्हाईत न्हाई. आमाला चहातबी पुरंना."

पिशवीभर फुलं आणून मी गच्चीवर सावलीत चादरीवर पसरली. गुडघ्यांमुळं शिवलीला गच्चीवर चढत नाही. वरच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा मात्र चढतात. त्या कपडे वाळत घालायला आल्या आणि बादली हातातच राहिली.

"अण्णा! तंगेडू! माझ्या बतकम्माला?"

नवरात्रात तेलुगू बायका फुलांचा उंच ढीग रचून बतकम्मा देवी म्हणून पुजतात, त्यात हीच फुलं (त्यांच्या भाषेत तंगेडू) लागतात, आणि ती रानातून आणायची घरातल्या पुरुषांनी, हे ज्ञान मला तिथं उभ्याउभ्या मिळालं. "माझी दोन्ही पोरं पुण्याला. म्हणतेत, झेंडू घे की विकत. आणि तुमी न सांगता आणलाव!" त्यांचे डोळे भरून आले.

आता अशा वेळी 'बाई, हा माझा काढा आहे' म्हणणारा माणूस वेगळा असतो. मी म्हणालो, "त्यात काय, उद्याही आणतो."

संध्याकाळी जिन्यात त्यांनी चार लाडू हातावर ठेवले. मलिद्याचे, गूळ आणि तूप घातलेले. प्रसादाला पथ्य नसतं, हे मी जिन्यातच ठरवलं आणि जिन्यातच अमलात आणलं.

पुढं रोज हेच. सकाळी माळावर पायपीट, फुलं सावित्रम्मांना, संध्याकाळी लाडू मला. "काढा घेतला का?" शिवलीला विचारायची. "घेतला की," मी मिशी पुसत सांगायचो.

सणाच्या सातव्या दिवशी डॉक्टरांचे पंधरा दिवस संपले आणि रिपोर्ट आला. साखर काठ सोडून वर गेली होती. डॉक्टर चक्रावले. गोळी लिहून दिली. शिवलीलानं घरी येऊन थेट मावशींना फोन लावला, "मावशी, तुमच्या फुलाचा काय उपयोग झाला न्हाई बघा." तिकडून मावशींचा आवाज एकदम बारीक झाला, "असं कसं गं? आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई त्याला." मला खरोखर लाज वाटली. त्या बिचाऱ्या फुलाची नि माझ्या पोटाची कधी गाठच पडली नव्हती. 

तेवढ्यात दारात सावित्रम्मा. हातात झाकलेलं ताट.

"शिवलीला, सहा दिवस अण्णांच्या हातनं लाडू पाठवालेय तुला. कसे झाले, एका शब्दानं सांगितली न्हाईस. म्हणून आज मीच आले. आणि अण्णांनी रोज चालत जाऊन एवढी फुलं आणून दिली, एकसुद्धा स्वतःला ठेवलं न्हाई!"

मी कॅलेंडरवरच्या तिथी वाचू लागलो.

शिवलीलानं शांतपणे एक लाडू उचलला, सावकाश खाल्ला. "छान झालेत," ती म्हणाली. "अक्का, सणाचे अजून दोन दिवस राहिलेत न्हवं? फुलं हेच आणतील. लाडू तेवढे माझ्या हातात द्या. आणि मूठभर फुलं आत्ता मला परत द्या. यांना काढा प्यायचाय, पहिल्यांदाच."