दीपस्तंभाखालचा डबा

स्टीलच्या ताटलीत ठेवलेला मोबाइल थरथरला आणि अख्खी ताटली खणखणली. एवढ्या मिनतवारीने जमवलेली दुपारची सामसूम फुटली. माधवीने आधी पलंगाकडे पाहिलं. तिच्या लेकीने, अनुष्काने, पायाने पांघरूण उडवलं, कूस बदलली आणि देवाच्या दयेने पुन्हा झोपली.

माधवी ताटलीसकट स्वयंपाकघरात पळाली. मोबाइलवर चार ओळी होत्या.

'सापडला! कोडं ठीक. लाडू अप्रतिम. आपला, दिगंबर, पुणे.'

"कोडं ठीक?" माधवीने कुकरला विचारलं.

जिओकॅशिंग हा मोबाइलवरचा लपंडाव. कुणीतरी डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. ज्याला सापडेल त्याने आतल्या कागदावर नाव लिहायचं, आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. कोड्याच्या डब्याला मात्र आकडे आयते मिळत नाहीत, ते सोडवून काढावे लागतात. माधवीने असंच कोडं रचलं होतं. मुंबईकरांनी हवा पालटायला घाटमाथ्यावर, माधवीच्या तुंगार्लीत बंगले बांधले, आणि डोंगरात येऊनही नावं ठेवली समुद्राची: मचवा, तारू, गलबत. तळ्याजवळच्या शेवटच्या बंगल्याचं नाव तर दीपस्तंभ! या बंदरावर तिने दोन ओळी लिहिल्या. अनुष्का झोपली की एक शब्द सुचायचा, आणि तो जागेवर बसेपर्यंत अनुष्का उठायची. चार महिने कोणालाही डबा सापडला नव्हता. तिचा नवरा श्रीयश म्हणायचा, "तूच जाऊन शोधून काढ एकदा, बिचाऱ्याला बरं वाटेल."

आणि आता सापडला, तर कोडं ठीक! लाडवांचा विचार तिच्या मनात जरा उशिराच आला. मागच्याच आठवड्यात डबा पुसून तिने आत नव्याने ठेवला होता एक हिरवा डायनासोर, केसांच्या पिना आणि एक शिंपला. लाडू कुठून आले?

एकाला सापडलं की बाकीच्यांना धीर येतो. आठवडाभरात ताटली पुन्हा पुन्हा खणखणली. 'चकल्या खुसखुशीत. कोडं जरा लांबलं,' असं चिंचवडहून कुणी लिहिलं. 'लाडू संपले होते, फार वाईट वाटलं. कोडं बरं आहे,' असं तळेगावहून. श्रीयशने हे सगळं कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

"माधवी," सासूबाई, म्हणजे रजनीताई, देवघरातून बाहेर आल्या. "परवा पाहुण्यांना आपण दुकानातले लाडू दिले ना?"

"हो, आई."

"घरी विकतचे, आणि लपवलेल्या डब्यात साजूक तुपातले?"

"आई, मी नाही केले ते! मला बेसन भाजायला घेतलं तरी धूर होतो, तुम्हाला माहीत आहे."

"एवढा विनय बरा नव्हे. शनिवारी आपल्याकडे भिशी आहे. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, सूनबाईंच्या हातचे लाडू आहेत म्हणून."

त्याच संध्याकाळी खेळ तपासणाऱ्यांचा निरोप आला. डब्यात खायचं ठेवायला मनाई आहे, माकडं आणि मुंग्या येतात; रविवारपर्यंत बंदोबस्त झाला नाही, तर कोडं काढून टाकण्यात येईल. माधवीने निरोप दोनदा वाचला. शनिवारी लाडू हवे होते, रविवारी लाडू नको होते, आणि ते करणारं माणूस कोण याचा पत्ता नव्हता. लाडवांचं जाऊ दे, भिशीत हसं झालं असतं इतकंच. पण ते कोडं! लेक झाल्यापासून तिने एकटीने, फक्त स्वतःसाठी केलेली ती एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अनुष्काचं बोट धरून ती दीपस्तंभ बंगल्यामागच्या उंबराशी गेली. ढोलीत लपवलेल्या डब्याला हात घालते तोच मागून आवाज आला.

"काय गं, आज उघड उघड आलीस व्हय?"

डोक्यावर गवताचा भारा, हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी उभी होती. तळ्याच्या वरच्या अंगाला जमीन असलेल्या सरुबाई. माधवीने त्यांना म्हशींमागे जाताना पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

"मावशी, यात लाडू तुम्ही ठेवता?"

"मंग कोन ठिवनार? मागं तू आलतीस न्हवं, डबा पुसून आत काय काय घालून गेलीस. मी लांबनं बगितलं. म्हनलं, लाजरी दिसती पोर. वानवळा हातात द्यायचा सोडून झाडाखाली ठिवती."

"वानवळा नव्हता तो, मावशी!"

"न्हाई कसा? हिरवा सरडा नातवानं घेतला, पिना नातीनं. आता कुनाचा डबा आला तर त्यो रिकामा परत धाडायचा का? आमच्यात न्हाई तसली रीत. लाडू घातलं. दोन दिसांनी बगते तर लाडू गायब, आन् आत किल्लीची साखळी! मी चकल्या घातल्या, तर आतनं बॅटरी निगाली. तू थांबंना, मंग मी कशी थांबू? मी बी इरंला पडले!"

"आजी, हा खेळ आहे," अनुष्का म्हणाली. "काही घेतलं की काहीतरी ठेवायचं."

"मंग मी वायलं काय केलं गं?"

नियम तर सरुबाईंनीच सगळ्यात काटेकोर पाळला होता. माधवीने माकडांचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, कोडं बंद पडेल हेही सांगितलं.

"पोरी, तुजं काम माज्यापाई बुडाया नगं," सरुबाई म्हणाल्या. "पर तुजा डबा रिकामा ठिवनं बी माज्या हातनं व्हनार न्हाई. घर दाव तुजं. थेट तितंच आनते."

आणि शनिवारी दुपारी, भिशीच्या ऐन गर्दीत, सरुबाई नवं लुगडं नेसून, लाडवांचा भरला डबा घेऊन दारात हजर! रजनीताईंनी त्यांना दूधवाली मावशी समजून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि माधवीने हातात घेतलेला डबा तिचाच समजून फिरवला. बायकांनी एकेक लाडू तोंडात टाकला.

"रजनीताई, भाग्यवान हो तुम्ही! काय हात आहे सुनेचा!"

रजनीताईंचा चेहरा उजळला. माधवी गप्प राहिली असती तर दिवस निभावला असता. पण कोपऱ्यात सरुबाई पदराने घाम पुसत होत्या.

"लाडू माझे नाहीत," माधवी म्हणाली. "या सरुमावशींचे आहेत. माझं फक्त कोडं आहे."

एका बाईने चाचरत विचारलं, "कसलं कोडं?"

पण उत्तर आलं ते रजनीताईंकडून, खणखणीत आवाजात:

"तीन गलबतं घाटावरती, समुद्र नाही कुठे,
आकडे जुळवा फाटकांवरचे, मग दीपस्तंभ भेटे!"

माधवीने गर्रकन त्यांच्याकडे वळून विचारलं. "आई, तुम्हाला पाठ आहे?"

"पाठ? चार महिने डोकं खाल्लंय माझं या दोन ओळींनी! रोज संध्याकाळी फिरायला जाते, ते काय तळं बघायला? मचवा सापडला, गलबत सापडलं. तारू काही केल्या मिळेना."

"आई, तारूच्या पाटीवर बोगनवेल..."

"सांगू नकोस!" रजनीताईंनी दोन्ही कान झाकले. "खबरदार सांगशील तर! आणि तो कोण दिगंबर, 'कोडं ठीक' म्हणणारा? असलं एक तरी रचून दाखवावं म्हणावं त्याने!"

मग त्यांनी सरुबाईंना कोपऱ्यातून उठवून स्वतःशेजारी बसवलं आणि बेसन किती वेळ भाजता ते विचारलं. सगळ्या बायका कागद मागत होत्या, लाडवांच्या कृतीसाठी नव्हे, कोड्याच्या ओळींसाठी. माधवी चहा गाळायला आत गेली आणि उगाचच दोनदा गाळून आली.

संध्याकाळी तिने सरुबाईंचा डबा घासला. तिला एकच पदार्थ झकास जमायचा, कोथिंबीरवडी. गरमागरम वड्यांनी तिने डबा काठोकाठ भरला. अनुष्का झाकण घेऊन शेजारी उभी होती.

"आई, आपण डबा भरून दिला की सरुआजी पण भरून देणार?"

"देणारच."

"मग आपण?"

"आपणही भरून देणार."

अनुष्काने झाकण डब्यावर ठेवलं, दाबलं, आणि कपाळाला आठ्या घालून आईकडे पाहिलं.

"मग हा डबा रिकामा कधी होणार?"