प्रोकुलोची चामडी विजार

"अगं, माझी विजार कुठाय?"

"धुतली. बोकडासारखा वास मारत होती."

प्रोकुलो अर्रेओला मटकन खाली बसला. क्रांतीच्या धामधुमीत दुरांगोच्या डोंगरात या दरोडेखोराच्या नावाने व्यापारी चळाचळा कापत. त्याची विजार चामड्याची होती, दोन्ही बाजूंना चांदीच्या बटणांची रांग. दुपारी खिंडीत खेचरांचा तांडा लुटायचा होता आणि सहा साथीदार तिथे त्याची वाट पाहत होते.

"चामडं कुणी धुतं का?"

"एवढं काय त्यात? चुलीवर वाळवते," त्याची बायको एदुविहेस म्हणाली.

विजार वाळली, पण आखडून लाकडासारखी झाली. प्रोकुलोने श्वास रोखून ती कशीबशी चढवली. गुडघे वाकेनात. घोड्याचं सोडाच, त्याला खाटेवरही बसता येईना. काढायला गेला तर निघेना. शेवटी बायकोने सुरीने ती टराटरा कापली. उघड्या पायांनी, छातीवर काडतुसांचे दोन पट्टे घालून, तो येरझाऱ्या घालू लागला. क्षणाक्षणाला बाहेर डोकावून सूर्य पाही.

तेवढ्यात टापा वाजल्या. सरकारी शिपाई! एदुविहेसने पट्टे, बंदूक, विजारीचे तुकडे आणि गाडीच्या चाकाएवढी टोपी मक्याच्या कणगीत कोंबली.

हवालदार आत आला. "प्रोकुलोला शोधतोय. चामडी विजार, चांदीची बटणं, दोन पट्टे. दिसला की गोळी घालायचा हुकूम आहे. हा कोण?"

"माझा नवरा," एदुविहेस म्हणाली.

"तो प्रोकुलो म्हणजे भुरटा कोंबडीचोर हो," हवालदार हसला.

प्रोकुलोला राहवलं नाही. "कोंबडीचोर? टपालगाडी कुणी लुटली मग? मीच प्रोकुलो!"

एदुविहेसने त्याच्या पाठीत झाडू घातला. "झालं सुरू! गेल्या आठवड्यात हे बिशप होते, साहेब. शेजारणीची गाढवी पवित्र करून आले!"

शिपाई खो खो हसले. हवालदाराला मात्र तिची दया आली. "बाई, असा नवरा आणि भोवती दरोडेखोर. दोन शिपाई दारात ठेवून जातो. महिनाभर राहतील."

"देव तुमचं भलं करो," एदुविहेस क्षीण आवाजात म्हणाली आणि नवऱ्यापुढे सोलायला मक्याची कणसं टाकली.

दुपार टळून गेली. प्रोकुलोचा पाय सारखा हलत होता. दारातल्या शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका काका. आम्ही आहोत तोवर प्रोकुलो आत पाऊल टाकणार नाही."

"आत नाही," प्रोकुलो कणीस सोलत म्हणाला, "आणि बाहेरही नाही."