ब्रास लँटर्नमधली एकादशी

"आपल्या सगळ्यात तरुण गिऱ्हाइकाचं वय काय असेल?" जनरल मॅनेजर फादी यांनी विचारलं.

देवव्रत रहाळकरने कोपऱ्यात पाहिलं. मिस्टर मॅक्लिश नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या ग्लासासमोर डुलकी काढत होते. बाकी पब रिकामा होता.

"असेल साठ-बासष्ट."

"आणि वर्ल्ड कप तोंडावर आलाय. सगळ्या जगातली तरुण पोरं दोह्यात उतरणार. ती इथं येऊन काय बघणार? गालिचा?"

फादी गेले, पण जाताना बजावून गेले. महिनाभरात इथे तरुण चेहरे दिसले नाहीत, तर 'ब्रास लँटर्न' बंद आणि त्या जागी मसाज सेंटर.

देवव्रत मूळचा नाशिकचा. हॉटेलातल्या या जुन्या इंग्लिश पबचा मॅनेजर असूनही त्याने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि एकादशी तर कधीच चुकवली नव्हती. पण लाकडी बार, पितळी कंदील आणि मॅक्लिशसाहेबांचं घोरणं यांच्यावर त्याचा जीव होता. मसाज सेंटरमध्ये त्याला कोण ठेवणार, हा प्रश्न तर होताच.

अल नस्रमधल्या घरी पोचल्यावर त्याने मुलीला, अंतराला गाठलं. ती बारावीत होती. पबमध्ये तिला प्रवेश नव्हता, पण तरुणांबद्दल घरात दुसरं कोण सांगणार?

"बाबा, यू नीड अ व्हाइब."

"ते कुठे मिळतं?"

अंतराने कपाळाला हात लावला आणि लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत पोस्टर तयार झालं. काळ्या पार्श्वभूमीवर एक पेटलेला कंदील आणि खाली 'सीक्रेट मेन्यू. ओन्ली धिस थर्सडे.'

"अगं, पण सीक्रेट काय आहे?"

"दॅट्स युअर प्रॉब्लेम, बाबा," असं म्हणून तिने ते ऑनलाइन टाकलंसुद्धा.

दोन दिवसांत सगळी टेबलं बुक झाली. देवव्रत हरखला. स्वयंपाकघर वेंगुर्ल्याच्या प्रतापच्या ताब्यात होतं. त्याने सीक्रेटचा भार उचलला. "कोंबडीची विंग्स करतंय, मालवणी मसाल्याची. पोरां बोटां चाटीत रवतली, साहेब." गुरुवारी भरपूर ताजा माल येणार म्हणून त्याने बुधवारी फ्रीजर रिकामा करून धुऊनही काढला.

गुरुवारी नव्या स्टेडियमवर चाचणीचा सामना होता, आणि त्यासाठी निम्मे रस्ते ट्रकना बंद होते. मालाचा ट्रक इंडस्ट्रियल एरियातून निघाला आणि कुठल्यातरी वळणावर पोलिसांनी थोपवला. ड्रायव्हर दर फोनला "इन्शाल्ला, हाफ अवर" म्हणत होता. संध्याकाळी त्याने फोन घेणंच बंद केलं.

"प्रताप, आपल्याकडे आहे काय?"

"बटाटे. बारवर ठेवतत ते शेंगदाणे. मिरची, कोथिंबीर, दही. आणि फळां."

"हे तर सगळं उपासाचं झालं!" देवव्रत वैतागून म्हणाला आणि थबकला. आज एकादशी होती. मुऐदर भागात चारुलताताईंच्या व्हिलात मंडळाचं भजन होतं आणि त्याच्या बायकोने, नुपूरने, सकाळी घरातली सगळी पातेली भरून साबुदाणा भिजवला होता.

त्याने तिला फोन लावला.

"नुपूर, तो साबुदाणा मला दे."

"किती? वाटीभर?"

"सगळा."

"अरे, चाळीस बायका उपाशीपोटी भजन म्हणणारेत! त्यांना काय देऊ? टाळ?"

"मी पाठवतो काहीतरी. फाइव्ह स्टार. शप्पथ!"

हॉटेलची गाडी पातेली घेऊन मागच्या दाराशी आली आणि फळं घेऊन मुऐदरला गेली. फळं कापणारा आचारी श्रीलंकेचा होता. घाईतही त्याची कला सुटली नाही. कलिंगडाचा हंस, अननसाची होडी आणि पपईची गुलाबाची फुलं असा लवाजमा भजनाला पोचला.

इकडे पब गच्च भरला होता. ब्रिटिश, लेबनीज, फिलिपिनो, मुंबई-पुण्याची पोरं, सगळे "सीक्रेट कधी?" म्हणून टेबलं वाजवत होते. फादी दारात हाताची घडी घालून उभे होते. आत प्रतापने नव्या तेलात वडे सोडले. पहिलाच वडा "फट्ट!" करून फुटला आणि प्रताप झाकण घेऊन ढालीसारखा मागे सरला. आवाज बाहेरपर्यंत गेला. पोरांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी गोल झाल्यासारखा जल्लोष केला.

"दाण्याचं कूट वाढव!" देवव्रत ओरडला. त्याने बाह्या सरसावल्या आणि पीठ मळायला घेतलं. पुढचे वडे शहाण्यासारखे तळले गेले.

दह्याच्या चटणीबरोबर पहिल्या ताटल्या बाहेर गेल्या आणि गोंगाट एकदम थांबला. देवव्रतने दारातून डोकावून पाहिलं. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

पहिली आरोळी मॅक्लिशसाहेबांचीच आली. "लॅड! हे जे काय आहे, ते अजून आण!"

साबुदाणा संपला, तेव्हाही रांग दाराबाहेर होती. घरी नुपूर वाट बघत बसली होती. "हंसाला कुणी हातच लावेना. शेवटी चारुलताताईंनी नमस्कार करून मान कापली. आता म्हणतात, पुढच्या वेळीही तिथूनच मागव."

दुसऱ्या दिवशी फादींनी बोलावून घेतलं. "त्या पदार्थाचं नाव एकादशी ना? प्रताप सगळ्यांना तेच सांगत होता. दर गुरुवारी ठेवायचा."

"सर, एकादशी म्हणजे पदार्थ नाही. आमच्या उपासाचा दिवस. चंद्रावर ठरतो, महिन्यातून दोनदा येतो."

देवव्रतला वाटलं, संपलं सगळं. पण फादी म्हणाले, "चंद्र बघून? मग त्यात अवघड काय आहे? आम्हीही रमझानला चंद्राचीच वाट बघतो. पोस्टरवर तसंच लिहा."

अशा रीतीने 'ब्रास लँटर्न' वाचला. वर्ल्ड कपची गर्दी जशी जवळ येऊ लागली, तशी दोह्यातली पोरं एकमेकांना "नेक्स्ट एकादशी कधी?" म्हणून विचारू लागली. देवव्रतला मात्र श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. नवे पडदे, नवे टीव्ही, नव्या खुर्च्या, रोज मीटिंगा.

अशाच एका दुपारी मीटिंग संपवून तो पबमध्ये आला आणि भुकेच्या भरात ऑम्लेट सँडविच खात उभा राहिला. कोपऱ्यात मॅक्लिशसाहेब चक्क जागे होते. बारमनने त्यांच्यापुढे नेहमीचा ग्लास ठेवला. साहेबांनी तो दोन बोटांनी हळूच परत सरकवला.

"बरं वाटत नाहीये का, सर?" देवव्रतने भरल्या तोंडाने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" मॅक्लिश देवव्रतच्या हातातल्या ऑम्लेटकडे बघत म्हणाले. "आज एकादशी आहे, लॅड."