सासूबाईंचा सर्व्हर

"जागा अपुरी आहे," असं पडद्यावर उमटलं, तेव्हा जावईबुवांना आधी हसूच आलं. समोरच्या लोखंडी कपाटात वरपासून खालपर्यंत डिस्कच डिस्क, प्रत्येकीवर हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला म्हणे पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय म्हणतंय?" दाराजवळच्या खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा, नखरे करतंय. पुन्हा सुरू करतो."

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. शहरातल्या निम्म्या लिफ्ट आणि फोनवरच्या बहुतेक रांगा अजून त्यांच्याच आवाजात बोलत. घरामागच्या या स्टुडिओत त्यांनी आयुष्यभर सूचना वाचल्या आणि त्या सगळ्या या कपाटात साठवून ठेवल्या. सर्व्हरची जुनी सिस्टीम आता शेवटच्या घटका मोजत होती. ती कोसळताना आईचा आवाजही घेऊन जाईल, अशी बायकोला धास्ती होती. "आईच्या एका शब्दाला जरी धक्का लागला तरी बघ," असं तिने सकाळीच बजावलं होतं. त्यात सासूबाईंनी हयातीत जावयाची ओळख 'कॉम्प्युटरचं काहीतरी करतात' एवढीच करून दिलेली. आज त्याचं उट्टं काढायचं होतं.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला. जुनीच सिस्टीम चालू झाली आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून स्वच्छ, थंड आवाज आला.

"आपण निवडलेला पर्याय चुकीचा आहे."

जावईबुवा जागच्या जागी ताठ झाले. सासरे नुसतं "हं" म्हणाले, स्वयंपाकघरातून कोणी काही विचारावं तसं.

"बाबा, हे काय?"

"सुरू झालं की बोलते. रोज काहीतरी वेगळं."

"स्पीकर तपासायला ठेवलं असेल," जावईबुवा म्हणाले. कारण सापडलं की भीती जाते, असं त्यांचं ठाम मत होतं. मान मागे वळवायला मात्र ते मत काही उपयोगी पडेना.

दुसऱ्या वेळी त्यांनी क्रमांक बघून पुढची डिस्क निवडली. या खेपेला सगळं बिनबोभाट पार पडलं. पडद्यावर 'यशस्वी' असं आलं, जावईबुवांनी मिशीवरून हात फिरवला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. पुन्हा जुनीच सिस्टीम. नवीचा कुठे मागमूस नाही.

"आपला क्रमांक लवकरच येईल. कृपया रांगेत राहा."

"हे तर ती आठवड्यातून दोनदा म्हणते," सासरे म्हणाले. "मी सांगतो, मला घाई नाही. तू पुढे झालीस, मी येतो सावकाश."

खोलीत एसीचा गारठा होता, तरी जावयाच्या कानशिलावर घाम आला. आता त्यांनी हट्टाने पहिली डिस्क निवडली. पुन्हा जागा नाही. 'डिस्क पुसून टाकायची का?' यंत्राने विचारलं. या घडीला जुनी किंवा नवी कुठलीच सिस्टीम चालू नव्हती, स्पीकरमधून वाजेल असं काही नव्हतं. जावयाचं बोट 'हो'वर टेकणार, एवढ्यात स्पीकर बोलला.

"दरवाजे बंद होत आहेत. कृपया हात मध्ये घालू नका."

जावईबुवांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग त्यांनी ती डिस्क उघडून पाहिली. ती सासूबाईंच्या आवाजाने काठोकाठ भरलेली होती. एक बोट दाबायचा अवकाश, पंधरा वर्षांच्या सूचना पुसल्या गेल्या असत्या. मग बायकोला काय तोंड दाखवलं असतं!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. इतक्या डिस्क एकदम जाग्या होत नाहीत, आणि जी आधी जागी होईल तिलाच यंत्र पहिली म्हणतं; म्हणून दर खेपेला क्रमांक बदलत होते. एकत्र कुटुंबात सकाळी जो आधी उठेल त्याला थोरला म्हणावं, तसला हा कारभार. जावईबुवांनी कपाटाच्या सगळ्या केबल काढल्या, एक छोटी कोरी डिस्क तेवढी ठेवली, तिच्यावर नवी सिस्टीम बसवली आणि मग केबल परत जोडल्या. सगळं झकास चाललं. त्यांनी बायकोला फोन करून "झालं!" असं सांगूनही टाकलं.

स्पीकर गप्प होता. सासरे मान कलती करून वाट बघत होते.

"बाबा, सगळे आवाज आहेत इथे. हे बघा." जावईबुवांनी एक सूचना लावली. "तळमजला," सासूबाई म्हणाल्या.

"हे तुम्ही लावलंत."

"हो."

"ती आपणहून बोलायची." सासरे एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

जावईबुवा परत कीबोर्डकडे वळले. "नव्यातही तसंच करून देतो, बाबा. जुनीतली आज्ञा तेवढी उचलतो." त्यांनी जुनी सिस्टीम उलटीपालटी करून शोधली. सुरू होताना काही वाजवायची आज्ञा तिच्यात कुठेच नव्हती. आपल्याला स्पीकर जोडलेले आहेत, हेच मुळी तिला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी सगळ्या आवाजांची एक प्रत वेगळी काढून ठेवली, नवी सिस्टीम असलेली छोटी डिस्क उपसून खिशात टाकली, कपाट पुन्हा जुन्या सिस्टीमवर सोडलं आणि बायकोला फोन लावला.

"अगं, नाही झालं."

"आत्ता तर झालं म्हणालास."

"बोलायची घाई केली. आवाज आहेत, त्यांची प्रत घेतलीय. सिस्टीम तेवढी जमली नाही."

"आई म्हणायचीच. जाऊ दे, उद्या आमच्या ऑफिसातला एक्स्पर्ट पाठवते."

सासऱ्यांनी हे ऐकलं होतं. "हुशार आहे का तो?"

"फार, म्हणतात."

"केबल काढायचं सुचेल त्याला?"

"सुचेल, बाबा. तुम्ही म्हणत असाल तर मी थांबतो उद्या. त्याला बोलण्यात गुंतवतो."

"कशाला रजा घालवता?" सासरे उठून दिवे मालवत म्हणाले. "ती बघून घेईल त्याला."

जावईबुवांना त्या न पाहिलेल्या एक्स्पर्टची मनापासून दया आली.